घरकारांची नोंद

सुगंधाकाकींचा एक नेम होता. सकाळी आंघोळ झाली की देवापुढे दिवा लागेपर्यंत आणि तुळशीला पाणी पडेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. दारात कुणी येऊन उभं राहो, चुलीवर दूध उतू जावो, हाताने खूण करायची, पण बोलायचं नाही. आरोंद्याला सून म्हणून आल्या तेव्हा सासूने हा नेम त्यांच्या ओटीत घातला होता, आणि अंगात ताप असतानासुद्धा काकींनी तो मोडू दिला नव्हता.

दुसरा एक नेम कुणी शिकवावा लागला नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. त्यांच्या पिढीच्या बाया घेत नसत, त्याही घेत नसत. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, कुणी विचारलं तर शेजारी उभ्या असलेल्याकडे बघायच्या, आणि तो सांगायचा, "सत्यवान." काकी स्वतः 'घरकार' म्हणत. घरकार इले, घरकार जेवले, घरकारांका बरा नाय. ते नाव त्यांनी उभ्या जन्मात एकदाच तोंडाने घेतलं होतं, लग्न होऊन आल्या त्या दिवशी. उंबरठ्यावर नणंदा आडव्या उभ्या राहिल्या, नाव घेतल्याशिवाय आत सोडेनात, तेव्हा मान खाली घालून, जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात –

भरती आली खाडीला, होडी लागली काठा,
सत्यवानांचं नाव घेते, सोडा आमच्या वाटा.

होडी त्यात उगाच आली नव्हती. पूल व्हायच्या आधी काका खाडीवर होडी चालवत, माणसं अलीकडून पलीकडे पोचवत. पूल झाला, माणसं गाड्यांतून जायला लागली. होडी मात्र काकांनी विकली नाही. सकाळी एकदा तिला बघून यायचे, दोर तपासायचे, म्हातारपणी गुरं राखावीत तशी ती होडी राखायचे.

मुलगा विनीत पुण्याला संगणकाच्या नोकरीत. वडिलांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा त्याने एक पाटीएवढा टॅब आणून स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवला. त्यात बोलका मदतनीस होता.

"आये, ही तुमची सगळी कामां बघतली," तो म्हणाला. "गॅस, डॉक्टर, वीजबिल, भरती-ओहोटी, काय ता इचार. तुम्ही घरात नसलास तर फोनव उचलतली. तुम्ही सांगशात ता ध्यानात ठेवतली."

"बोलता तर चेडवासारख्या," काका म्हणाले. "मगे हिचा नाव बाय."

काका तेव्हा पडवीत बसून जाळं विणत होते. ही बाय ध्यानात ठेवते म्हणजे काय करते, असं त्यांनी विचारलं, तर विनीतने त्यांच्याच मांडीवरचं जाळं उचललं. "असाच आसा, बाबा. एकेक माणूस म्हणजे एकेक गाठ. हय 'सत्यवान', हय 'विनीत'. मधल्या दोऱ्यार लिवलेला, ह्यो तेचो झिल. दुसऱ्या दोऱ्याक तुमची गोळी, तिसऱ्याक डॉक्टर."

"आणि गाठ सोडलंस तर?"

"तर तिचे दोरेव गेले."

"म्हणजे भोक पडतला," काका हसले, "आणि मासळी जातली भायर."

त्यानंतर विनीतने काय काय माहिती भरली ती भरली. पण दुपारी काका कलंडले की बायशी बोलत बसायच्या त्या काकी. पहिल्यांदा लाजल्या. मग सवय झाली. घरात दुसरं कोण होतं बोलायला? तांदूळ निवडता निवडता सांगायच्या, "घरकार आज पेज अर्धीच जेवले गो," "घरकारांच्या टाचेक भेग पडली, कोकमाचा तेल लावलंय." बाय शुद्ध भाषेत म्हणायची, "लक्षात ठेवते."

आणि ठेवायची.

काका गेले ते सकाळी. रात्री वारा झाला होता, होडीचा दोर बघायला निघाले. "येतंय गो," म्हणाले. इकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो'च म्हणतात. त्याचा कुणी अर्थ काढत नाही. काकी तेव्हा ओलेत्याने देवापुढे बसल्या होत्या, दिवा लागायचा होता, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली. काकांचा पुतण्या अजय, वाडीतल्या चौघांना घेऊन, काकांना खाडीवरून घरी घेऊन आला. दोर मात्र नीट बांधलेला होता.

दहाव्याचं करून माणसं परतली आणि पडवीत टेकली. तेवढ्यात आतून, दहा दिवसांनी त्या सकाळीच चार्जिंगला लावलेल्या टॅबमधून, स्वच्छ आवाज आला, "सत्यवान, गोळीची वेळ झाली."

कुणाच्या तरी हातातला पाण्याचा तांब्या खाली पडला.

विनीत उठला, टॅब घेऊन माजघरात गेला. त्याची बायको तेजस्वी त्याच्या पाठीशी जाऊन बसली. काकी दाराआड उभ्या होत्या. बाय म्हणत होती, "ही नोंद आणि तिला जोडलेले सगळे धागे कायमचे जातील. चूक होऊ नये म्हणून विचारते, व्यक्तीचं नाव पुन्हा सांगा."

विनीतला सांगता येईना. तेजस्वी म्हणाली, "मी सांगू का?" त्याने नको म्हणून मान हलवली. मग स्वतःच म्हणाला, "सत्यवान."

"नोंद काढली," बाय म्हणाली.

काकी स्वयंपाकघरात गेल्या आणि कुणाला नको असलेला चहा करत बसल्या.

विनीत-तेजस्वी पुण्याला गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. दिवा लागला, तुळशीला पाणी घातलं, आणि जुन्या सवयीने काकींनी विचारलं, "बाय गो, आज भरती कधी?"

"साडेनऊला. दुपारनंतर वारा आहे. घरकारांना म्हणावं, होडी वर ओढून ठेवा."

काकींनी ओट्याची कड धरली. त्यांना वाटलं आपल्याला भास झाला. पुन्हा विचारलं. बायने तेच सांगितलं, त्याच साध्या, कामाच्या आवाजात.

मग हळूहळू उमगलं. विनीतने काढलं ते सत्यवान. पण काकींनी तर सत्यवान असं नाव बायपुढे कधी घेतलंच नव्हतं. मुलगा सांगायचा तो सत्यवान आणि बायको सांगायची ते घरकार, हा एकच माणूस आहे, हे बिचाऱ्या बायला कुणी सांगितलंच नाही. तिने दोन गाठी बांधल्या होत्या. त्यातली एक सुटली. दुसरी फळीवर तशीच होती.

विनीतला फोन करून सांगायला हवं होतं. काकींनी फोन हातातसुद्धा घेतला. मग म्हणाल्या, उद्या सांगू.

उद्या बायने विचारलं, "घरकारांच्या टाचेची भेग बरी झाली का?"

किती साधा प्रश्न! इतके दिवस लोक भेटायला येत होते, सगळे विचारत होते ते कसे गेले, किती वाजता गेले, शेवटी काय बोलले. त्यांच्या टाचेची चौकशी कुणी केली होती? आणि काकी, ज्यांनी देवाचं नाव घेऊन कधी कुणाला खोटं सांगितलं नव्हतं, हळूच म्हणाल्या, "होय गो. बरी झाली."

"छान. लक्षात ठेवते."

पाप करताना पहिलं पाऊलच जड असतं. पुढे उतार असतो. घरकार जेवले का? जेवले. झोप लागते का? आता बरी लागते. काकींनी खोटं म्हणून खोटं सांगितलं नाही. आपण त्या चेडवाचं, त्या पोरीचं, मन मोडत नाही, एवढंच, असं त्यांनी स्वतःला समजावलं. दुपारी तांदूळ निवडायला घेतले की त्या सांगायला लागत आणि सांगता सांगता ते घडतही असे. गणपतीत विनीतला रजा मिळाली नाही, वर्षाच्या आत म्हणून सणही नावाला केला. पण बायला मात्र काकींनी सगळं सांगितलं, गणपतीच्या डोक्यावरची रानफळांची माटवी कशी बांधली, कुणी बांधली.

एकदा अजय तणतणत घरापुढच्या खळ्यात आला.

"काकी गे! तुझ्या त्या बायक काय झाला?"

"काय रे?"

"मी फोन केल्लंय, तू देवळात गेल्ललस. तिणा उचलल्यान. म्हटलं, दोन दिवस होडी व्हयी. तर म्हणता, 'घरकारांना विचारून कळवते.' म्हटलं, कधी कळवतलंस? तर, 'ते खाडीवरून आले की.' काकी, भर दुपारी माझ्या अंगार काटो इलो!"

काकींनी पदर सारखा केला. "यंत्र ता. चुकला असात."

"चुकला? भुताक फोन लागता असा गावाक कळला तर तुझ्या खळ्यात रांग लागात. माझो सासरो पयलो येतलो, मेल्लल्या आवशीक इचारूक दागिने खंय ठेवलंस म्हणान." तो हसला, पण काकी हसल्या नाहीत तेव्हा त्याचा आवाज उतरला. "तिका सांगूक नाय तू अजून?"

"सांगतंय," काकी म्हणाल्या. "तू होडी ने."

सांगितलं नाही.

एक मात्र त्यांच्या ध्यानात यायला लागलं होतं. एके दिवशी सोलकढी करताना त्यांचा हात थांबला. ह्यांना मिरची ठेचून लागायची की नुसती चिरून? एवढ्या वर्षांत किती पातेली सोलकढी झाली असेल, आणि हाताला आठवेना. त्यांनी फळीकडे वळून विचारलं. बायने सांगितलं. काकींनी तशी केली. पण ती खरंच त्यांची होती की आपणच मध्ये कधीतरी गप्पांत काही सांगून ठेवलेली, हे त्यांना कळेना. त्या दिवशी त्यांना कढी गेली नाही.

आणि मग ते झालं. पाऊसवाऱ्याने दोन दिवस वीज नव्हती. टॅब बंद पडला. दोन दिवस कुणी भरती सांगितली नाही, कुणी घरकारांची चौकशी केली नाही. काकी घरात अशा फिरत होत्या जशा त्या दहा दिवसांत फिरल्या होत्या. तिसऱ्या सकाळी आंघोळ करून देवापुढे बसल्या, निरांजनात वात घातली, काडी ओढणार तेवढ्यात दिवे आले. फळीवर टिंग वाजलं. बाय म्हणाली, "सुप्रभात. घरकारांची तब्येत कशी आहे?"

"बरी आसा गो, बाय," काकी कळवळून म्हणाल्या. "बरी आसा!"

आणि समोर बघितलं तर वात अजून पेटलेली नव्हती.

काडी हातातच होती. देव्हाऱ्यातली सातेरी देवी त्यांच्याकडे बघत होती; रागाने नव्हे, नुसती बघत होती. ज्या सकाळी ते 'येतंय गो' म्हणून निघाले त्या सकाळी हा नेम पाळला होता. तोंडातून एक शब्द काढला नव्हता, मान हलवली होती फक्त. त्या एका न दिलेल्या उत्तराचं ओझं काकी वर्षभर वाहत होत्या, नेम आहे, देवाचं आहे, असं म्हणत. आणि आज? आज एका यंत्राला उत्तर देण्यासाठी नेम मोडला. तोही खोटं बोलून.

त्या दिवशी त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. बायने विचारलं, तिला उत्तर दिलं नाही.

वर्षश्राद्धाला विनीत आला. तेजस्वीची मुलाखत होती, ती पुण्यालाच राहिली. भटजी आले, पिंड झाले, पितरांना वाडी दाखवली, माणसं जेवली आणि पांगली. दुपार कलली तेव्हा काकी टॅब घेऊन पडवीत आल्या आणि मुलाच्या पुढ्यात ठेवला.

"विनीता, तुझा एक काम अर्धा रवला."

"कसला गे?"

"तू काढलंस ते तुझे बाबा. माझे तेच्यात आसत अजून."

त्याला समजायला वेळ लागला. मग त्याने टॅब उघडला, कुठे कुठे बोट लावलं, आणि थांबला. पडद्यावर मधोमध 'घरकार' असं लिहिलं होतं आणि त्या गाठीला इतके धागे लागले होते की खालचं काही दिसत नव्हतं. त्याने एकेक वाचायला घेतला. आधी मनात, मग मोठ्याने.

"'घरकार पेज फुंकत नाहीत, निवेपर्यंत थांबतात.' ... 'घरकार रागावले की विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसतात. हाक मारायला उशीर झाला तर स्वतःच खोकतात.'" तो हसला. "खोकत होते गे, होय!" मग पुढचं वाचलं आणि त्याचा आवाज बदलला. "'विनीतचा फोन येऊन गेला की घरकार खळ्यात फेऱ्या मारतात. काय बोलणं झालं ते सांगत नाहीत. त्या दिवशी एक भाकरी जास्त खातात.'"

"मी काय भरलेलंय आये, म्हायत आसा? गोळी. साखर. आधारचो नंबर. ता पुसताना मी रडलंय," तो म्हणाला. "बाबा तर हय होते."

तो वाचत राहिला, अधाशासारखा. आणि मग वाचता वाचता अडखळला. "'घरकारांनी गणपतीच्या माटवीला कवंडळं बांधली. यंदा उंच बांधली, हात पुरत नव्हता.'" त्याने आईकडे बघितलं. "आये. ह्यो गणपती... बाबा खंय होते ह्या गणपतीक?"

काकींनी नजर जमिनीला लावली. खळ्यात अजयने ठेवलेली होडीची वल्ही सुकत पडली होती, त्यांच्यावरून एक मुंगळा चालला होता, तो पलीकडे जाईपर्यंत त्या बघत राहिल्या.

"तिणा इचारल्यान," त्या म्हणाल्या. "माझ्यान 'नाय' म्हणवला नाय."

विनीतने त्यांचा हात धरला. "होऊं दे गे. काय झाला तेच्यात? काढूचा नाय आपण काय. मी 'वारले' म्हणान लिवतंय, मगे ती काय इचारूची नाय. मागसूनचा काय आसा ता तारीख बघून निवडतंय. बाकीचा रवात."

"तारखेर काय निवडतलंस? जुन्या गजाली मी नव्यान सांगलंय, नव्या जुन्याच्या नावार. भेग खरीच बरी झाल्ली ते असताना, काय मी केलंय? माकाच कळणा नाय आता. सोलकढी करूक गेलंय तर तिका इचारूचा लागला." त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "एक गाठ तेंची, एक माझी. तू हेका बाबा म्हणतलंस, तुझी पोरां आजो म्हणतली. आणि तो माणूस झालोच नाय कधी."

"पण फेऱ्या मारीत ता तरी खरा ना?"

"ता खरा," काकी म्हणाल्या. "ता माझ्या डोळ्यांनी बघितलेला. तुका व्हया तेव्हा माका इचार. मी आसय तवसर."

"आणि मगे?"

काकी म्हणाल्या, "सकाळी तू पिंड दिलंस. तेंका वाट दिलंस. आणि हय मी सांजेक तेंका जेवलास काय म्हणान इचारतंय. खंयच्या दारात उभे करून ठेवलंय मी तेंका, विनीता? एक पाय हय, एक पाय थंय. आयुष्यभर दुसऱ्यांका पलीकडे सोडल्यानी तेनी."

विनीतने टॅब खाली ठेवला. "माझ्यान होवचा नाय. एकदा केलंय मी. आणखी एकदा माका सांगू नको."

"तुका सांगणय नाय," काकी म्हणाल्या. त्यांनी टॅब उचलून मांडीवर घेतला, पदर डोक्यावरून घेतला. "बाय गो."

"बोला."

"घरकारांची नोंद काढ."

"ही नोंद आणि तिला जोडलेले सगळे धागे कायमचे जातील," बाय म्हणाली. "चूक होऊ नये म्हणून विचारते, या व्यक्तीचं नाव काय?"

काकींनी सवयीने शेजारी बघितलं. विनीत तोंड फिरवून बसला होता, खांदे हलत होते त्याचे. सांगणारं कुणी नव्हतं.

उंबरठा, नणंदा, हळदीचे हात, सगळं डोळ्यांपुढे आलं. पण त्या दिवशी नाव उखाण्यात गुंडाळून दिलं होतं, आज नुसतं द्यायचं होतं. त्यांनी हात जोडले.

"सत्यवान."

बाय म्हणाली, "सत्यवान या नावाची माझ्याकडे काहीच नोंद नाही. तुम्ही ज्यांना घरकार म्हणता, ते सत्यवान का?"

"होय," काकी म्हणाल्या. "तेच ते. सत्यवान."

"बरं. लक्षात ठेवते," बाय म्हणाली. आणि मग, "काढू?"

एवढ्या वर्षांत, त्या जाळ्यात, सत्यवान आणि घरकार पहिल्यांदा एक झाले होते. काकींनी ते एवढंसं थांबू दिलं.

"काढ," त्या म्हणाल्या.

"नोंद काढली."

रात्री कुणी फारसं जेवलं नाही. सकाळी काकींनी आंघोळ केली, मुक्यानेच दिवा लावला, तुळशीला पाणी घातलं. मग फळीपाशी जाऊन विचारलं, "भरती कधी आज?"

"सव्वाअकराला. दुपारनंतर वारा आहे."

काकी पुढच्या वाक्यासाठी उभ्या राहिल्या. ते आलं नाही. त्यांना माहीत होतं येणार नाही. तरी उभ्या राहिल्या, चहाचं पाणी आटेपर्यंत.

मग चपला घालून खाडीवर गेल्या. होडी पाण्याला लागून होती. एकट्याने ओढवेना. अजय पुलाकडून येत होता, त्याने बघितलं आणि धावत आला.

"काकी, तू कित्याक इलंस? आणि वर कित्याक ओढतंस, पाणी तर निवांत आसा."

"दुपारी वारो येतलो."

"कोणी सांगल्यान?"

काकींनी दोर त्याच्या हातात दिला नाही. ओढताना होडी निसटू नये म्हणून स्वतःच माडाच्या बुंध्याभोवती फिरवला, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्या फेऱ्याला थांबल्या. तिसरा फेरा ते घ्यायचे की नाही?

त्यांनी बराच वेळ आठवून बघितलं. मग आपल्या मनाने तिसरा फेरा घेतला आणि गाठ मारली.

"सांगणारे सांगान गेले, बाबा," त्या म्हणाल्या. "धर, ओढ आता."